माझ्याखालची फरशी

मी डंबेल बोलतोय. दचकू नका. कपाट आणि भिंत यांच्यामधल्या हातभर जागेत एकवीस वर्षं गप्प बसलो, आता थोडं बोलून घेतो. माझ्या दोन्ही गोल तोंडांवर पाचाचा आकडा ओतलेला आहे. पाच किलो म्हणजे काही फार नाही. पण एका बाईला मी फार जड गेलो. तेवढं सांगितल्याशिवाय मला भंगारात जायचं नाही.

माझा जन्म ओतशाळेतला. ओल्या रेतीचे साचे, भट्टीची लाल धग, आणि लांब दांड्याच्या पळीतून लोखंडाचा रस ओतणारा एक पिकल्या केसांचा कामगार. दिवसभर ओझी उचलून त्याची पाठ मात्र सरळच्या सरळ. नवीन कुणी कामावर आला की तो एकच गोष्ट शिकवायचा. "गुडघ्यातून वाक बाबा, कमरेतून नको. गुडघे दोन आहेत, कंबर एकच आहे." सगळे हसायचे. मी साच्यात गोठत होतो तेव्हा माझ्या कानांवर पडलेलं हे पहिलं वाक्य. ते माझ्या अंगात लोखंडाबरोबरच गोठलं, आणि जन्मभर मला बाहेर काढता आलं नाही.

माझ्याबरोबर माझा जुळा भाऊही ओतला गेला. घासून, काळा रंग लावून आम्हा दोघांना एका खोक्यात घातलं. खोक्यात एक तक्ताही होता. त्याच्या वरच्या अर्ध्या भागात लिहिलं होतं : आधी अंग मोकळं करा, हलक्या वजनापासून सुरुवात करा, श्वास रोखू नका, झाल्यावर स्नायू ताणा, पोटभर सकस खा, झोप पुरी घ्या, एक दिवस विश्रांती घ्या. खालच्या अर्ध्या भागात एका पिळदार माणसाची चित्रं होती. तक्ता किती शहाणा होता हे मला आज कळतं. पण या घरात त्याचा खालचा अर्धा भागच वाचला गेला.

आम्हाला विकत घेतलं ते या घराच्या मालकांनी. ते टपाल कचेरीत काउंटरवर बसत. दिवसभर बसून बसून पोट सुटलं होतं. एक दिवस शेजारच्या काउंटरवरचा त्यांना म्हणाला, "साहेब, हल्ली तुमच्या आधी तुमचं पोट कामावर हजर होतं." झालं! संध्याकाळी आम्ही दोघे घरात. मालकांनी तक्ता कपाटाच्या दाराला आतून चिकटवला आणि घरातल्या सगळ्यांना बोलावून जाहीर केलं, "उद्यापासून सुरू."

'उद्यापासून' हा शब्द मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. मला तो फार आवडला होता.

खोटं कशाला बोलू, पंधरा दिवस मालकांनी नेमानं केलं. बाई, म्हणजे त्यांची बायको, स्वयंपाकघरातून हळूच डोकावायची. "अहो, ते आधी हातपाय हलवायचे असतात ना? तक्त्यावर आहे तसं."

"ते म्हाताऱ्यांसाठी असतं गं."

सोळाव्या दिवशी मेहुणे आले. मेहुण्यांसमोर माणसाला काय होतं देव जाणे. "बघा हं," म्हणत मालकांनी आम्हा दोघांना एका झटक्यात जमिनीवरून उचललं. पाय ताठ, श्वास रोखलेला. अर्ध्यात आले आणि तिथेच थांबले. पुढे नाही, मागे नाही. तोंडातून नुसतं "अगं अगं अगं" एवढंच. माझा भाऊ त्यांच्या हातून सुटला तो थेट खाली. फरशीची एक चीप उडाली. त्या अपराधासाठी त्याला त्याच दिवशी गॅलरीत काढलं गेलं, तो आजही तिथेच गंजतोय. मी मालकांच्या मुठीत अडकून राहिलो होतो, म्हणून वाचलो.

मालकांच्या पाठीत उसण भरली होती. मग काय, सगळं घर थांबलं. रेडिओ बंद, मुलांचं खेळणं बंद, शेकायला गरम पाण्याची पिशवी दिवसातून सहा वेळा. लेक तेव्हा नऊ वर्षांची, मुलगा सहाचा. दोघं पावलं न वाजवता चालायची. आणि बाईनं देवापुढे हात जोडून शब्द दिला. "यांची पाठ बरी होऊ दे. तोवर मी दुधाला तोंड लावणार नाही."

तीन आठवड्यांत मालक उठून कामावर गेले. बाईच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं देवापुढे डोकं टेकलं. पण दूध काही परत सुरू केलं नाही. लेकीनं विचारलं तर म्हणाली, "अगं, सुरू केलं आणि पुन्हा उसण भरली तर? राहू दे. दुधावाचून कुणाचं अडलंय?"

मला तिच्या श्रद्धेला बोल लावायचा नाही. ती मनापासून देवाचं करणारी बाई. पण मी समोरच बसलेला होतो. देवानं दूध मागितल्याचं मी काही ऐकलं नाही.

मालक बरे झाले तरी मला पुन्हा हात लावेनात. मात्र मला तिथून हलवायचीही सोय नव्हती. बाई एकदा म्हणाली, "हे माळ्यावर टाकू का? रोज मध्ये येतं."

"अजिबात नाही. नजरेसमोर राहू दे. उद्यापासून परत सुरू करणार आहे मी."

तर अशा रीतीनं माझी जागा ठरली. कपाट आणि भिंत यांच्यामध्ये, मालकांच्या उद्याची वाट बघत.

आता मला रोज उचललं जायचं. हो, रोज. दिवसातून चार वेळा. झाडताना बाई मला उचलून स्टुलावर ठेवायची, खालचं झाडून झालं की परत खाली ठेवायची. पुसताना पुन्हा वर, पुन्हा खाली. कुणाला बरं नसो, पाहुणे असोत, तिचा स्वतःचा ताप असो, माझ्याखालची फरशी पुसल्याशिवाय राहिली नाही. "फिरून पुसलं की कोपरे राहतात," असं ती म्हणायची. एकवीस वर्षांत तिनं मला तीस हजारांहून जास्त वेळा उचललं. एवढा नेम या घरात दुसऱ्या कुणी केला नाही. तक्त्यावरच्या त्या पिळदार माणसानंही केला नसेल.

फक्त ती मला कमरेतून वाकून उचलायची. गुडघे ताठ, एका हातात झाडू, दुसऱ्या हातानं मी, आणि वर येताना अंगाला एक पीळ. रोज. चारदा. माझ्या अंगात ते म्हाताऱ्या ओतणाऱ्याचं वाक्य अडकलेलं होतं. गुडघ्यातून, बाई, गुडघ्यातून! पण लोखंडाला जीभ नसते. तिला कुणी शिकवलं नाही, कारण ती व्यायाम करत होती असं कुणाला वाटलंच नाही. ती झाडत होती.

एकदा लेकीनं मला हातात घेतलं होतं. तेव्हा ती पंधरा-सोळाची असेल. कपाट उघडून तक्ता नीट वाचून, अंगबिंग मोकळं करून, मला छान उचललं तिनं. पाच-सहा वेळा खालीवर केलं. तेवढ्यात बाई आली आणि मला तिच्या हातातून काढून घेतलं. "ठेव ते. पोरीच्या जातीला असली वजनं शोभत नाहीत. दंड बघ कसे होतील!" लेक हसली, "आई, तू रोज उचलतेस की." बाई म्हणाली, "मी काय, मी पुसायला उचलते." आणि मला खाली ठेवलं. कमरेतून वाकून.

मग मुलाचं वय आलं. त्याला आरसा लागायचा. आरशासमोर उभा राहून तो मला एका हातानं वर घ्यायचा, तेही फक्त उजव्या. दंड फुगला की अर्ध्या बाह्या आणखी वर सरकवायचा. पाय, पाठ, पोट यांची आरशाला पर्वा नव्हती म्हणून त्यालाही नव्हती. त्यानं पावडरीचा मोठा डबा आणला. बाई रोज सकाळी पेलाभर दुधात दोन चमचे पावडर घोटून त्याच्या हातात द्यायची. पेल्याच्या काठाला लागलेला फेस ती बोटानं पुसायची आणि ते बोट नळाखाली धरायची. तोंडात घालत नसे. मी बघितलंय.

त्याच पोराची दहावीची परीक्षा आली तेव्हा बाईनं दही-ताकही सोडलं. पोरगं पास झालं. दही-ताक सुटलं ते सुटलंच. पुढे लेकीचं लग्न होऊन चार वर्षं झाली तरी घरात हालचाल नव्हती, तेव्हा तिनं रात्रीचं जेवण सोडलं. "लेकीची कूस उजवू दे, सुखरूप सुटका होऊ दे, तोवर मी एकदाच जेवीन." मालक म्हणाले, "अगं, किती सोडशील?" आणि दुसरा घास घेतला. ते काही वाईट गृहस्थ नव्हेत. फक्त त्यांच्या पाठीपासून मुलाच्या परीक्षेपर्यंत सगळं कुठे मुरतंय, हे त्यांना कधी दिसलं नाही. ते बाईच्या हाडांत मुरत होतं.

मुलगा नोकरीला परगावी गेला. तिकडे म्हणे काचेच्या भिंतीची व्यायामशाळा आहे. मालक निवृत्त झाले. पहिल्याच दिवशी माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "आता वेळच वेळ. उद्यापासून बघ." बाई हसली आणि मला उचलून स्टुलावर ठेवलं, कारण फरशी ओली करायची होती.

आणि मग गेल्या वर्षी लेकीचा फोन आला. बाईनं फोन ठेवला आणि तशीच भिंतीला टेकून खाली बसली. रडली, हसली, पुन्हा रडली. त्या दिवसापासून तिच्या तोंडी एकच. "मी तिला अशी उचलीन, अशी छातीशी धरीन." रिकामे हात पुढे करून दाखवायची. "नाहीतर नातू असेल," मालक म्हणायचे. "काही का असेना. उचलायला काय, दोन्ही सारखेच."

लेकीला सातवा महिना लागला होता. एका सकाळी बाई खोली पुसत होती. नेहमीसारखी वाकली, मला उचललं, अंगाला पीळ दिला, आणि मला एक आवाज ऐकू आला. बारीक. सुकलेली काडी मोडावी तसा. तो आवाज तिच्या पाठीतून आला होता.

तिनं मला टाकलं नाही. दोन्ही हातांनी धरून, ओठ दाबून, हळूच स्टुलावर ठेवलं. मग काय केलं माहीत आहे? खालची फरशी पुसून काढली. पाणी वाळेपर्यंत कपाटाला धरून उभी राहिली. मला परत खाली ठेवायला मात्र तिला वाकवलं नाही. "राहू दे आज तिथंच," एवढं माझ्याशी बोलली. एकवीस वर्षांत माझ्याशी बोललेले तिचे ते पहिले शब्द.

मालकांना उसण भरली तेव्हा सगळं घर थांबलं होतं. बाईच्या पाठीत काहीतरी मोडलं तेव्हा तिनं चहा टाकला.

चार दिवस तिनं कुणाला सांगितलं नाही. "भरली असेल उसण, जाईल." पाचव्या दिवशी तिला अंथरुणातून उठता येईना, तेव्हा मालक घाबरले. दवाखान्यात नेलं, फोटो काढले. परत आले. मालकांनी लेकीला फोनवर सांगितलं ते मी ऐकलं. मणका दबलाय. हाडं पोकळ झालीत, सत्तरीच्या म्हातारीसारखी. डॉक्टरांनी विचारलं, दूधबीध घेता का? वजनं उचलण्याचा काही व्यायाम? तर तुझी आई म्हणाली, छे, ते घरातल्या पुरुषांचं.

दीड महिना ती कमरपट्टा लावून पडून होती. मग घरी व्यायाम शिकवायला एक बाई येऊ लागल्या. तरुण, ठेंगण्या, खांद्याला कापडी पिशवी. पिशवीत रबराचा पट्टा आणि अर्ध्या किलोची दोन छोटी वजनं. पहिल्या दिवशी त्यांनी खोलीभर नजर फिरवली आणि त्यांना मी दिसलो. मालकांनी मला एव्हाना खाली ठेवलं होतं.

"अरे वा! हे कोण उचलतं?"

बाईला बघायला लेक आली होती, पोटावर हात ठेवून खुर्चीत बसलेली. मुलगाही सुटी काढून आला होता. मुलानं वडिलांकडे बघितलं, वडिलांनी मुलाकडे.

"मी उचलते," बाई अंथरुणातून म्हणाली. "म्हणजे उचलायचे. फरशी पुसायला."

"रोज?"

"चारदा."

शिकवणाऱ्या बाईंनी हातातली छोटी वजनं खाली ठेवली. मग विचारलं, "कसं उचलायचात काकू? झोपूनच सांगा, करून दाखवू नका." काकूंनी सांगितलं. शिकवणाऱ्या बाई माझ्याजवळ आल्या, पाय थोडे फाकवले, पाठ सरळ ठेवली, गुडघ्यांत बसल्या, मला दोन्ही हातांनी पोटाशी धरलं आणि पायांच्या जोरावर उठल्या. "असं उचलायला हवं होतं."

ओतशाळेतल्या त्या म्हाताऱ्यानंतर मला असं नीट उचललेलं मी तेव्हा दुसऱ्यांदा अनुभवलं. पहिल्यांदा त्या पंधरा वर्षांच्या पोरीनं उचललं होतं, पण तिच्या हातून तर मला काढून घेतलं गेलं. माझं लोखंड आतून हललं. इतकं सोपं होतं. एका मिनिटाचं काम. एकवीस वर्षांत कुणाला एक मिनिट मिळालं नाही.

"मला नातवंडाला उचलायचंय," बाई म्हणाली. "तेवढं होईल ना?"

"बघू. हळूहळू. पण वाकून नाही."

"मी नेम करते. तिला उचलता येईपर्यंत गोड सोडते."

"काकू, नको." शिकवणाऱ्या बाई अंथरुणाच्या कडेला बसल्या. त्यांनी तिच्या देवाला काही म्हटलं नाही, तिच्या भाबडेपणाला हसल्या नाहीत. सोडलेल्या दुधाचं लेकीनं आधीच कानावर घातलं होतं, म्हणून फक्त विचारलं, "काकांची पाठ बरी होईपर्यंत दूध सोडलं होतंत ना तुम्ही?"

"हो."

"झाली ना बरी?"

"कधीच."

"मग शब्द तर पुरा झाला. आता सोडायचं काही नाही. नेम करायचाच तर दहा वेळा खुर्चीतून उठायचा करा. हात न टेकता. रोज."

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई देवापुढे बराच वेळ डोळे मिटून बसली, खुर्चीत, कारण खाली बसायची मनाई होती. मग लेकीनं तिच्या हातात अर्धा पेला दूध दिलं. पहिला घोट तिनं तोंडातच धरून ठेवला. "चवच विसरले होते गं," म्हणाली. मालक तिथून उठून गॅलरीत गेले आणि माझ्या गंजलेल्या भावाकडे बघत उभे राहिले.

घर झाडणं-पुसणं आता मालकांकडे आलं. "उद्यापासून मी पुसतो," असं ते म्हणाले तेव्हा लेकीनं नुसतं बघितलं त्यांच्याकडे. त्यांनी त्याच दिवशी सुरू केलं. पण मला वगळून पुसायचे. माझ्याभोवती गोल. बाई अंथरुणातून ते बघायची आणि तोंड फिरवायची. माझ्याखाली आयुष्यात पहिल्यांदा धूळ साचू लागली.

लेकीला मुलगी झाली, सुखरूप. रात्रीचं जेवण बाईनं त्याच दिवशी सुरू केलं. बाळ सहा-सात पौंडांचं, असं मालकांनी सगळ्या जगाला फोन करून सांगितलं. "म्हणजे किलोत किती?" बाईनं विचारलं. "तीनच्या आसपास." बाईनं माझ्याकडे बघितलं. "मग जमेल," म्हणाली. "त्याच्यापेक्षा हलकी आहे."

मग तिनं जे केलं ते बघायला तुम्ही हवे होतात. खुर्चीतून उठणं-बसणं आधी दोनदा जमायचं, मग चारदा. भिंतीला पाठ लावून हात वर. रबराचा पट्टा. पिंढऱ्या ताणणं, खांदे मोकळे करणं. अर्ध्या किलोची ती खेळण्यासारखी वजनं उचलताना कपाळावर घाम यायचा. ज्या हातांनी मला तीस हजार वेळा उचललं ते हात अर्ध्या किलोला थरथरायचे. सकाळ-संध्याकाळ न चुकता. शिकवणाऱ्या बाईंनी तक्ता बघितला आणि वरच्या अर्ध्या भागावर बोट ठेवून म्हणाल्या, "हे सगळं इथंच लिहिलं होतं की हो!" मालक म्हणाले, "हो ना." मोठी केविलवाणी 'हो ना' होती ती.

लेक बाळाला घेऊन माहेरी आली तेव्हा बाळ अडीच महिन्यांचं झालं होतं. दवाखान्याचं वजनाचं कार्ड तिनं टेबलावर ठेवलं. बाईनं चष्मा लावून वाचलं. पाच किलो शंभर ग्रॅम.

तिनं कार्ड खाली ठेवलं आणि माझ्याकडे बघितलं नाही.

"आई, तू बसून घे. मी मांडीवर देते." बाळ मांडीवर दिलं गेलं. बाई तिच्याशी बोलली, तिचे तळवे मोजल्यासारखे चाचपले, टाळूचा वास घेतला. फार सुंदर दिसत होत्या दोघी. पण आपण उचलून घेणं आणि कुणी मांडीवर ठेवणं यांत केवढा फरक आहे, तो बाईच्या तोंडावर मला दिसला.

तिसऱ्या दिवशी ते घडलं. लेक आंघोळीला गेली होती, मालक भाजी आणायला. बाळ या खोलीत, बुटक्या खाटेवर झोपलेलं. एकाएकी जागं होऊन रडायला लागलं. बाई आली. खाटेपाशी उभी राहिली. "आले गं, आले सोने." रडणं वाढलं. पाय झाडू लागली पोर.

बाईनं पाय फाकवले. पाठ सरळ केली. गुडघ्यांत वाकली, अगदी शिकवलं तसं. दोन्ही हात बाळाच्या खाली घातले. माझा जीव असता तर त्या क्षणी गेला असता. तिनं श्वास सोडला, जोर लावला, बाळ बोटभर वर आलं, आणि तिच्या पाठीतून एक कळ गेली. ती मला तिच्या मानेवर दिसली. ती थांबली. पुढे जाता आलं असतं. एकदाच, बाकी काहीही होवो, असं म्हणून उचलता आलं असतं. पण हातातून सुटलं तर? तिनं बाळ पुन्हा खाटेवर ठेवलं. हळूच. मला ठेवायची तसं.

मग खुर्ची ओढली, बसली, एक बोट पोरीच्या मुठीत दिलं आणि रडणाऱ्या नातीशी रडत रडत बोलत राहिली. "आजी इथंच आहे हं. आजी कुठं गेली नाही. आजीला नुसतं उचलता येत नाही."

लेक ओल्या केसांनी धावत आली. बाळाला उचलून खांद्यावर घेतलं. तिनं आईला विचारलं नाही. सगळं समजलं तिला. "बरं केलंस," एवढंच म्हणाली.

"ती वाढतेय तेवढ्या वेगानं माझी ताकद काही वाढत नाही गं," बाई म्हणाली. "मी एक किलोपर्यंत येते तोवर ती सहाची होते." मग नाक पुसून म्हणाली, "असू दे. वर्षानं चालायला लागेल. तेव्हा उचलावं लागणार नाही. बोट धरून बरोबर चालावं लागेल. तेवढं मी करीन."

त्यासाठी मी लागत नाही. हे मलाही कळलं.

मालक भाजी घेऊन आले, तेव्हा बाईनं माझ्याकडे बोट केलं. "हे आता इथून काढा."

"काढतो की. उद्या..."

ती नुसती बघत राहिली. मालकांनी पिशवी खाली ठेवली. माझ्याजवळ आले आणि वाकले. कमरेतून. गुडघे ताठ.

"गुडघ्यातून!" बाई ओरडली. "गुडघ्यातून वाका हो!"

जन्मभर जे वाक्य माझ्या अंगात अडकलं होतं ते शेवटी बाहेर पडलं. तिच्या तोंडून. मालक दचकून थांबले, गुडघ्यांत बसले, मला पोटाशी धरलं आणि उठले. ते पहिले पंधरा दिवस सोडले तर एकवीस वर्षांत त्यांनी मला हात लावला तो दुसऱ्या की तिसऱ्यांदा.

जाताना मी खाली बघितलं. पाच महिन्यांची धूळ लेकीनं एका फटक्यात पुसली. खाली काहीच नव्हतं. डाग नाही, वळ नाही, गंजाची खूण नाही. एवढी वर्षं मी तिथे बसलो हे कुणाला सांगून पटणार नाही, इतकं स्वच्छ. बाईच्या सगळ्या कष्टांची निशाणी म्हणजे ती कोरी फरशी.

आता मी गॅलरीत आहे, माझ्या भावाशेजारी. भंगारवाला कधीतरी येईल. वितळवतील, पुन्हा कशात तरी ओततील. तक्रार नाही. एकच मागणं आहे. तुमच्याही घरात माझ्यासारखं काहीतरी असेल, कुणाच्या तरी उद्याची वाट बघत पडलेलं. ते उचला किंवा देऊन टाका. पण त्याच्याखाली रोज कोण पुसतं ते एकदा बघा, तिच्या ताटात काय आहे ते बघा, आणि तिला एक मिनिट देऊन उचलायचं कसं ते शिकवा.

गॅलरीचं दार उघडंच असतं. आतून बाईचा आकडे मोजण्याचा आवाज येतो. खुर्ची करकरते. सात. थोडं थांबून आठ. मग बराच वेळ नुसता श्वास, आणि नऊ.

दहा अजून ऐकू आलेला नाही. मी कान लावून आहे.